सही कुणाची?

आपल्या संघटनांच्या बैठकीत एखादीने रुग्णालयातल्या मरणाचा विषय काढला की तिला ठरलेलं उत्तर मिळतं. ज्या बाईला बाळंतपणाला खाट मिळत नाही, दुखणं अंगावर काढण्यातच जिचं निम्मं आयुष्य जातं, तिच्यासमोर व्हेंटिलेटर कधी काढायचा याची चर्चा कसली करता? हा पोट भरलेल्यांचा प्रश्न आहे. काही जणी याच्याही पुढे जातात. त्या म्हणतात, बायकांना जगू देण्याचीच इथे मारामार असताना उपचार थांबवण्याचा हक्क मागणं म्हणजे कसायाच्या हातात सुरी देणं आहे.

पहिलं म्हणणं साफ चूक आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, आणि ते तथ्य आहे म्हणूनच हा विषय आपण हातात घेतला पाहिजे, असं मला म्हणायचं आहे.

उपचार थांबवण्याचे निर्णय फक्त श्रीमंतांच्या घरात होतात, ही समजूत तालुक्याच्या गावी कुठल्याही खाजगी रुग्णालयाच्या जिन्यात तासभर बसलं तरी गळून पडेल. तिथे हा निर्णय रोज होतो. त्याला मरणाचा हक्क वगैरे कुणी म्हणत नाही. त्याला 'डामा' म्हणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घेऊन जात आहोत, अशा अर्थाच्या कागदावर सही करायची आणि गाडी बोलवायची. डिपॉझिट संपलेलं असतं, डोरलं मोडून झालेलं असतं, पाव्हण्यारावळ्यांकडून आणलेलंही संपलेलं असतं. डॉक्टर म्हणतात, अजून चार दिवस बघू. चार दिवसांचे पैसे कुठून आणायचे ते सांगत नाहीत. मग थोरला मुलगा नाहीतर दीर सही करतो. नळी निघते, किंवा तशीच ठेवून कुणीतरी अंबू बॅगचा फुगा हाताने दाबत गावापर्यंत नेतं. घरी पोचल्यावर वेदना कमी करायला औषध नसतं, विचारायला डॉक्टर नसतो. ओसरीवर खाट टाकली जाते. पुढचे दोन दिवस किंवा दोन महिने त्या माणसाचं हगणंमुतणं, कूस बदलणं, चमच्याने पाणी घालणं हे सगळं करायला घरातली सून नाहीतर लेक असते.

यात कागदावर कुठला कायदा मोडलेला नसतो. उपचार थांबवायचे की नाही हे ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची जी मंडळं नेमायला सांगितली आहेत, ती या जिन्यापर्यंत येतच नाहीत. कारण इथे रुग्णालयाने उपचार 'थांबवलेले' नसतात, नातेवाइकांनी रुग्णाला 'नेलेलं' असतं. एका सहीने रुग्णालय मोकळं, सरकार मोकळं, आणि सगळा भार घरावर. घरावर म्हणजे कुणावर, ते आपण एकमेकींना समजावून सांगायला नको.

आता त्या खाटेवर बाईच असेल तर? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 साली घेतला. चांगलंच झालं. पण शब्द नीट वाचा. ही रक्कम कुटुंबामागे, वर्षाला आहे. त्यातली किती म्हाताऱ्या सासूवर खर्चायची आणि किती कमावत्या मुलासाठी राखून ठेवायची, हे वाटप घरातच होणार. घरातलं वाटप कसं होतं ते दुधाच्या पेल्यापासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंत आपल्याला पाठ आहे. जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे प्रत्यारोपणाच्या देशभरच्या आकड्यांनी अनेकदा दाखवलेलं आहे. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते, आणि वर्तमानपत्रात तिच्या त्यागाची बातमी येते. उलट दिशेच्या बातम्या मोजायला एका हाताची बोटं जास्त होतात. मग त्याच घराने तिच्या आजारपणात "आता पुरे" म्हटलं, तर ते तिच्या वेदनेकडे बघून की पाकिटाकडे बघून, असं विचारायला नको का?

म्हणून मी म्हणते, हा प्रश्न आपल्या दारात आधीपासूनच उभा आहे.

या विषयावरचा आपल्या देशातला कायदा एका बाईच्या अंथरुणाभोवती घडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्या गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि पंचविशीतली, लग्न ठरलेली ही मुलगी पुढची बेचाळीस वर्षं उठली नाही. आरोपीला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. आपली चळवळ मथुरा खटल्याच्या निकालानंतर 1980 साली रस्त्यावर आली. अरुणासाठी त्याआधीच काम बंद करून बाहेर पडल्या होत्या त्या मुंबईच्या परिचारिका. तिला नीट वागणूक मिळावी आणि आम्हाला सुरक्षित काम करता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पुढे महापालिकेने ती खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला दुसरीकडे हलवायचा घाट घातला तेव्हाही त्या आडव्या पडल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली.

पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिला भरवणं थांबवावं आणि शांतपणे जाऊ द्यावं, असं त्यांचं मागणं होतं. 7 मार्च 2011 रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी ते नाकारलं. पण त्याच निकालात त्यांनी एक दार उघडलं. बरं होण्याची आशा नसलेल्या, शुद्धीत नसलेल्या रुग्णाचे जीव धरून ठेवणारे उपचार काढून घेता येतील, मात्र प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. नातेवाईक इस्टेटीच्या लोभाने असा निर्णय घेतील, ही भीती न्यायालयाने तेव्हा उघड बोलून दाखवली होती.

या निकालावरून आपल्यात दोन तट पडले, आणि ते अजून आहेत. विराणी बोलत होत्या त्या अरुणाच्या बाजूने. परिचारिका विरोध करत होत्या तोही अरुणाच्याच बाजूने. त्या भांडणात कोण बरोबर होतं यावर पुष्कळ शाई खर्च झाली. पण त्या निकालातली एक गोष्ट आपल्या चळवळीने उचलून धरायला हवी होती, ती तशीच सुटून गेली. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. आईवडील गेलेले होते, इतर नातेवाइकांनी येणं सोडलेलं होतं. न्यायालयाने म्हटलं, हा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. त्यांनी सदतीस वर्षं तिला भरवलं, धुतलं, कूस बदलली, आणि एवढ्या काळात तिच्या अंगावर एकही शय्याव्रण होऊ दिला नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस जिने सांभाळलं असेल तिला या वाक्याचं मोल कळेल.

विचार करा. रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही, जात-गाव एक नाही. फक्त हाताने केलेल्या कामाचं नातं, आणि ते काम बव्हंशी बायकांचं. त्या कामातून एका माणसाच्या जीवनमरणाबद्दल बोलायचा अधिकार तयार होतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. बाईच्या सेवेला आजवर 'प्रेम', 'कर्तव्य', 'पुण्य' अशी पुष्कळ नावं मिळाली, पण तिला कायद्यात वजन असतं असं फारसं कुणी म्हटलेलं नव्हतं. अरुणा पुढे 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेली.

यानंतर कायदा पुढे सरकला, पण ही गोष्ट मागेच ठेवून. 'कॉमन कॉज' या संस्थेने 2005 साली केलेल्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 रोजी निकाल दिला. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शुद्धीत असताना माणसाला आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते, असं त्यात सांगितलं. फक्त तो कागद करायची रीत इतकी किचकट ठेवली, की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची त्यावर सही लागे. कोण कशाला जातंय? अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांचीच संघटना न्यायालयात गेली आणि 24 जानेवारी 2023 रोजी नियम सोपे झाले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रुग्णालयात आधी एक प्राथमिक मंडळ बसतं. त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ असतात. मग दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी किमान दोन तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. दोन्ही मंडळांचं एकमत झालं तर न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून उपचार काढून घेता येतात. कागद केलेलाच नसेल तर मंडळं नातेवाइकांची लेखी संमती घेतात.

ही सगळी रचना पुन्हा एकदा वाचून बघा आणि त्यात परिचारिका शोधा. सापडणार नाही. रात्री तीन वाजता रुग्ण कण्हला का, हात झटकला का, लेकीचा आवाज ऐकून डोळा हलला का, हे जिला माहीत असतं तिला या दोन्ही मंडळांत खुर्ची नाही. बारा-बारा तास उभं राहणाऱ्या सिस्टरला नाही आणि वॉर्डातल्या मावशीला तर नाहीच. 2011 साली ज्यांच्या शब्दावर अख्खा निकाल फिरला, त्यांचं नाव 2018 च्या आणि 2023 च्या नियमांत उरलंच नाही. दिवसातून दोनदा राउंड घेणारा तज्ज्ञ ठरवणार, आणि दारामागे हुंदका आवरत नळी काढायचं प्रत्यक्ष काम मात्र सिस्टरकडे येणार.

आता त्या कागदातली आणखी एक ओळ. मी बोलू शकले नाही तर माझ्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं त्यात लिहायची असतात. कुणाची? तर 'पालक' किंवा 'जवळचा नातेवाईक' यांची. मैत्रीण हा शब्द तिथे नाही. सहचर नाही, संघटनेतली सोबतीण नाही. तिला घालायचं तर 'पालक' या शब्दात कोंबून बसवावं लागतं. साठ वर्षांच्या, आयुष्यभर स्वतःच्या हिमतीवर जगलेल्या बाईला पालक! ज्या देशात आईलासुद्धा आपल्या मुलाची नैसर्गिक पालक म्हणून थोडंबहुत स्थान मिळायला 1999 सालच्या गीता हरिहरन खटल्यापर्यंत थांबावं लागलं, तिथे या शब्दाचं ओझं आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि असं नाही की दुसरा शब्द सुचणं अवघड होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो आहे. त्या कायद्याखाली कुणाही प्रौढ माणसाला साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो. तो नातेवाईकच हवा असं नाही. नोटरी लागत नाही. म्हणजे मनाच्या आजारात मी माझ्या मैत्रिणीला साध्या कागदावर नेमू शकते, आणि फुप्फुसं बंद पडली की मला पालक शोधावा लागतो. यात काय तर्क आहे तो कुणीतरी समजावून सांगावा.

हा शब्दांचा खेळ नाही. आमच्या केंद्रावर येणारी एक परित्यक्ता बाई, धुणीभांडी करून एकटी राहणारी, डोक्यात रक्तस्राव होऊन अतिदक्षता विभागात पडली. तिच्यासोबत वस्तीतली एक शेजारीण होती. दोघींनी पंधरा वर्षं एकमेकींच्या दुखण्याला, मुलांच्या लग्नाला, उधारीला साथ दिलेली. डॉक्टरांनी विचारलं, पेशंटचं कोण? शेजारीण म्हणाली, मी. तिला बाहेर बसवलं. फोनाफोनी करून शोधलं कुणाला, तर बावीस वर्षांपूर्वी दुसरं घर केलेल्या नवऱ्याला. घटस्फोट झालेलाच नव्हता, मग कायद्याने जवळचा तोच. तो आला, काचेतून बघितलं, कागदावर सही केली आणि चहा प्यायला गेला. त्याची सही बरोबर होती की चूक, मला माहीत नाही. कदाचित त्या क्षणी वैद्यकीयदृष्ट्या बरोबरही असेल. पण जिला त्या बाईच्या मनातलं माहीत होतं ती बाहेर बाकड्यावर बसलेली होती.

एकट्या बाया, टाकलेल्या, विधवा, देवदासी, घरच्यांनी घराबाहेर काढलेल्या, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया, या सगळ्यांसाठी 'जवळचा नातेवाईक' म्हणजे अनेकदा ज्याच्यापासून पळ काढला तोच माणूस असतो. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये नकार दिला. त्या घरांमध्ये तर काचेच्या दाराशी कोण उभं राहणार हा प्रश्न रोजच्या धास्तीचा आहे.

आता कसाई आणि सुरी.

ही भीती आपल्या चळवळीच्या हाडात मुरलेली आहे आणि ती उगीच नाही. 1987 साली राजस्थानातल्या देवराळ्यात रूपकुंवरला चितेवर बसवलं तेव्हा सगळं गाव सांगत होतं, तिची इच्छा होती. 'तिची इच्छा' हे दोन शब्द तेव्हापासून आपल्या कानाला बोचतात. आपल्याकडे अहेव मरणाचं केवढं कौतुक! हिरवी चोळी, मळवट भरलेलं कपाळ, नशीबवान गेली म्हणतात. नवऱ्याच्या आधी जाण्याची प्रार्थना वडाला फेऱ्या मारत वर्षानुवर्षं करून घेतलेली असते. आणि आजारी पडलेली प्रत्येक आई काय म्हणते? माझ्यावर खर्च करू नका रे. माझं काय आता राहिलंय. पोरांच्या फीचं बघा. हे तिचं मत आहे की तिच्यात जन्मभर मुरवलेलं मत आहे? ती हे म्हणते तेव्हा मुलं हळहळतात, पण बरेचदा सुटल्यासारखीही होतात.

तेव्हा 'इच्छामरण' हा शब्द ऐकला की आपण दचकतो. तो शब्दच चुकीचा आहे, हेही सांगते. भीष्माला वर होता, तो शरपंजरी पडून मुहूर्ताची वाट बघत राहिला. आपण ज्याबद्दल बोलतोय ते औषध टोचून मारणं नाही, कुणाला मरायला सांगणं नाही. आणि 'दयामरण' तर त्याहून वाईट, कारण दया करणारा नेहमी वरच्या बाजूला उभा असतो. गोष्ट साधी आहे. आजार बरा होणार नाही हे ठरलेलं असताना नुसतं मरण लांबवणारं यंत्र लावायचं की नाही, लावलं असेल तर ठेवायचं की काढायचं. वेदना शमवणं, तोंड ओलं ठेवणं, अंग पुसणं, जवळ बसणं हे कशातही थांबत नाही, थांबवता येत नाही.

पण शब्द बदलून भीती जात नाही, ते मान्य. प्रश्न असा आहे की आपण गप्प राहिल्याने त्या बाईचं रक्षण होतं का? मला तर उलटं दिसतं. तिने काही लिहिलेलं नसतं तेव्हाच सगळा निर्णय तिच्या नातेवाइकांच्या हातात जातो. ज्या कुटुंबाला आपण पन्नास वर्षं प्रश्न विचारले, हुंड्याबद्दल, मारहाणीबद्दल, वारसाहक्काबद्दल, त्याच कुटुंबाला तिच्या शेवटच्या श्वासाबद्दल आपण बिनशर्त अधिकार देऊन टाकतो, आणि याला सावधगिरी म्हणतो. सुरी कसायाच्या हातात आधीपासूनच आहे. लिहिलेला कागद हा निदान ती धरायचा प्रयत्न आहे.

शिवाय तो कागद म्हणजे फक्त 'नको'ची यादी असावी असं नाही. न्यायालयाने सांगितलेला नमुना उपचार नाकारण्यासाठी आहे हे खरं, पण त्यात आपलं म्हणणं सविस्तर लिहायला कुणी अडवलेलं नाही. "माझ्या नवऱ्याशी माझा संबंध नाही, त्याला विचारू नये." "पैसे संपले हे कारण पुरेसं समजू नये. आधी सरकारी योजना, धर्मादाय खाटा, सगळे दरवाजे ठोठवावेत." "मला घरी न्यायचं असेल तर वेदनाशामक औषधाची सोय झाल्याशिवाय नेऊ नये." अशी वाक्यं असलेला, नोटरीचा शिक्का बसलेला कागद फाइलीत लागला, की मंडळातल्या डॉक्टरांना तो वाचावा लागतो. आणि माझं मन बदललं तर शुद्धीत असेपर्यंत मला तो केव्हाही फिरवता येतो.

सावध राहायला हवं ते वेगळ्याच ठिकाणी. ही सारी व्यवस्था उभी आहे ती न्यायालयाच्या निकालांवर. संसदेने कायदा केला तर त्यात काय घालतात ते बघायला हवं. 2016 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एका विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. त्यात रुग्णाने आगाऊ लिहून ठेवलेला असा कोणताही कागद निरर्थक ठरेल, अशी तरतूद होती. तो मसुदा पुढे गेला नाही. पण तो लिहिणाऱ्यांची वृत्ती कुठे गेलेली नाही.

आणि परदेशातून उसनवारी करताना काय येऊ शकतं त्याचंही एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बाई गरोदर असेल तर तिने लिहिलेला असा कागद पाळायचा नाही किंवा तिच्यापुरता तो बाजूला ठेवायचा, अशी कलमं आहेत. टेक्सासमध्ये 2013 च्या नोव्हेंबरात चौदा आठवड्यांची गरोदर बाई मेंदूमृत झाली. नवरा आणि आईवडील यंत्र काढा म्हणत होते. रुग्णालय कायद्याकडे बोट दाखवत तिचा देह आठ आठवडे यंत्रावर ठेवून बसलं. जानेवारी 2014 मध्ये न्यायाधीशाने आदेश दिला तेव्हा यंत्र निघालं. मेलेल्या बाईच्या देहाचंही गर्भाच्या हंडीत रूपांतर करता येतं, ते असं. उद्या आपल्याकडे मसुदा आला तर त्यात हे कलम आहे का, ते आधी बघा.

इकडे गोव्यात 31 मे 2024 रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा कागद नोंदवला. त्या राज्यातली ती पहिली नोंद. न्यायमूर्तींनी स्वतःपासून सुरुवात केली, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर, असे कागद जपून ठेवणारे अधिकारी स्थानिक संस्थांमध्ये नेमले गेले. म्हणजे सोय झाली आहे. पण मासळी विकणारी, ऊस तोडणारी, घरकाम करणारी बाई त्या अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचली आहे का? ती पोचणार नाही, आपण नेल्याशिवाय. बायकांची नावं सातबारावर चढवायला तलाठ्याच्या दारात बसणाऱ्या आपण, हे काम आपल्याला अवघड नाही.

मात्र नुसते कागद भरून घेत सुटलो तर आपणही सरकारचंच काम फुकटात करू. त्यासोबत भांडण हवं. जिल्हा रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे पण चालवणारं माणूस नाही, ही अवस्था असेपर्यंत कुठल्याही 'संमती'ला मोकळी संमती म्हणता येणार नाही. 'डामा'च्या प्रत्येक कागदावर कारण लिहिणं सक्तीचं करा, आणि कारण पैसा असेल तर त्या रुग्णाला सरकारी योजनेत किंवा धर्मादाय खाटेवर घेण्यासाठी काय केलं ते रुग्णालयाने लिहून द्यावं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. बाई किती आणि पुरुष किती घरी नेले, तोही आकडा मग बाहेर येईल. दोन्ही मंडळांसमोर त्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचं म्हणणं लेखी नोंदलं जावं. 'पालक' या शब्दाच्या जागी 'मी निवडलेली व्यक्ती' असा शब्द यावा. हे होण्यासारखं नाही असं कुणी म्हणालं तर मानसिक आरोग्य कायदा काढून दाखवा.

आणि घरची शुश्रूषा. केरळने 2008 साली वेदनाशमन आणि शुश्रूषेचं राज्याचं धोरण जाहीर केलं. तिथे पंचायतीच्या पातळीवर परिचारिका आजारी माणसाच्या घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, घरातल्या बाईला चार गोष्टी शिकवते, तिचं ऐकून घेते. आपल्याकडे मुंबईत 'शांती अवेदना सदन' 1986 पासून आहे, पुण्यात सिपलाचं केंद्र 1997 पासून आहे, पण ती शहरातली बेटं. अंमली पदार्थांच्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली तरी तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिन मिळत नाही, ही तक्रार सुटलेली नाही. औषध न देता माणसाला घरी पाठवणं आणि त्याला 'आपल्या माणसांत सन्मानाने' म्हणणं हा ढोंगीपणा आहे. सन्मान कुणाचा? खाटेवरच्याचा नाही आणि खाटेशेजारी रात्र काढणारीचाही नाही. आशा ताईंच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून हे भागवायचा बेत कुणी मांडला तर तोही मोडून काढायला हवा. पगारी, शिकलेली परिचारिका हवी.

एक अडचण मला दिसते ती कार्यकर्त्यांचीच. आपल्यापैकी किती जणींनी स्वतः असा कागद केला आहे? मरणाचं नाव काढलं की "शुभ बोल गं" म्हणणारी आपल्या आत बसलेली आजी अजून गेलेली नाही. पण मासिक पाळीबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, नको असलेल्या संभोगाबद्दल बोलायलाही एकेकाळी जीभ रेटत नव्हती. गोल करून बसलो, एकीने सुरुवात केली, मग दुसरीने.

तर पुढच्या बैठकीला नोटरीला बोलवा आणि जिच्या ड्यूटीची सोय होईल अशा एखाद्या सिस्टरलाही बोलवा. चहा आधी द्या, कारण पहिला अर्धा तास कुणी बोलणार नाही. व्हेंटिलेटर, नळी, डायलिसिस हे शब्द नंतर येऊ देत. आधी प्रत्येकीला एकच विचारा: तू बोलू शकली नाहीस तर तुझ्या वतीने कुणी बोलू नये? ती नावं प्रत्येकीला लगेच सुचतील. ती लिहून घ्या. कुणी बोलावं, हा प्रश्न त्यानंतर विचारा, आणि जिचं नाव पुढे येईल तिला त्याच बैठकीत विचारा, तू येशील का रात्री-अपरात्री. ती हो म्हणाली तर तिचा फोन नंबर कागदावर, साक्षीदार म्हणून दोघी, आणि एक प्रत संघटनेच्या कपाटात, रेशन कार्डाच्या झेरॉक्सांशेजारी.